क्लाराच्या पियानोला कुलूप लावलं कुणी?

मार्च महिना आला, महिला दिन जवळ आला की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. यंदा मला ती चार ग्रुपवर मिळाली, त्यातल्या एकावर दोनदा. वर जर्मनीच्या जुन्या शंभर मार्कच्या नोटेवरचा क्लारा शूमानचा चेहरा आणि खाली मजकूर. थोडक्यात असा: युरोपातली ही थोर पियानोवादक लग्नानंतर संपली. नवऱ्याने, म्हणजे संगीतकार रॉबर्ट शूमानने, तिच्या पियानोला कुलूप लावलं. सोळा वर्षं ती मंचावर दिसली नाही. खचून तिने डायरीत लिहिलं की बाईने संगीतरचनेच्या फंदात पडू नये. तिच्या रचना त्याने स्वतःच्या नावावर छापल्या. आठ बाळंतपणं झाली. शेवटी तो मनोरुग्णालयात वारला आणि मग ती मोकळी झाली.

संसारापायी तंबोरा खुंटीला टांगलेल्या बायका आपण घरोघरी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे वाचताक्षणी पटतं. मलाही पटलं होतं. एका ग्रुपवर तारखा विचारल्या, तर उत्तर आलं, ‘भावना समजून घ्या.’ भावना समजली, पण तारखा तरीही लागतात.

आधी ती सोळा वर्षं. लग्न झालं १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. ३१ मार्च १८४१ रोजी, म्हणजे जेमतेम साडेसहा महिन्यांनी, ती लाइपझिगच्या गेवांडहाउस या मोठ्या संगीतसभागृहात मंचावर होती. त्याच कार्यक्रमात संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनने रॉबर्टची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, पहिल्यांदा सादर केली. १८४४ मध्ये दोघं रशियाला गेले. वाजवायला ती, सोबतीला तो. रॉबर्टचा ए मायनर पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना, लोकांसमोर पहिल्यांदा वाजवला तोही तिनेच, ड्रेस्डेनला, डिसेंबर १८४५ मध्ये. मंच बंद असलेल्या बाईची ही हजेरी बरीच म्हणायला हवी.

सगळ्यात बोलका प्रसंग मात्र १८४२ चा, डेन्मार्कच्या दौऱ्याचा. फेब्रुवारीत दोघं उत्तर जर्मनीत फिरत होते. ओल्डेनबुर्गच्या दरबारातून बोलावणं आलं ते एकट्या क्लाराला. रॉबर्टला ते फार लागलं. बायकोच्या दौऱ्यात आपण नुसते सामानासारखे, ही बोच त्याला आधीपासूनच होती. हॅम्बुर्गनंतर तो लाइपझिगला परतला आणि क्लारा पुढे कोपनहेगनला गेली. नवरा बरोबर नाही, मुलगी मारी जेमतेम सहा-सात महिन्यांची, आणि काळ १८४२ चा! महिनाभर ती तिकडे होती. मैफली केल्या, हान्स ख्रिश्चन अँडरसनला भेटली, नील्स गाडे या तरुण डॅनिश संगीतकाराची ओळख झाली. पुढे आपली सहा गाणी, ओपस (म्हणजे रचना-क्रमांक) १३, तिने डेन्मार्कच्या राणीला, कारोलिन आमालीला अर्पण केली.

घरी रॉबर्टचं काय चाललं होतं? तो कुढत होता. तिला एकटीला जाऊ दिलं हा शुद्ध मूर्खपणा झाला, असं त्याने दोघांच्या सामाईक डायरीत लिहिलं. त्याच्यापुढचा पेच असा होता: तिच्या मागे फिरायचं तर आपलं लेखन बुडतं, आणि आपण टेबलाला चिकटून बसायचं तर ऐन उमेदीतली तिची कला वाया जाते. वाचताना त्याची कीवही येते आणि रागही येतो. पण कुलूप लावणारा माणूस असा पेचात पडत नाही.

आता ते डायरीतलं वाक्य. आपल्याला रचनेचं अंग आहे असं वाटायचं, ती कल्पना आता सोडली, आजवर एकाही बाईला ते जमलेलं नाही, मग मलाच कसं जमणार, अशा अर्थाचं तिने खरंच लिहिलं आहे. पण केव्हा? नोव्हेंबर १८३९ मध्ये. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि लग्न व्हायचं होतं. बापाशी संबंध तुटलेले, बर्लिनला आईकडे मुक्काम आणि लग्नाच्या परवानगीसाठी कोर्टकचेरी चालू, असा तो काळ. फ्रीडरिश वीक, तिचा बाप आणि गुरू, याने घातलेल्या अटींपैकी एक अशी की सात वर्षांच्या मैफलींतून झालेली कमाई तिने भावांसाठी सोडून द्यावी. कुलूपवाला शोधायचाच असेल तर पोस्ट लिहिणाऱ्याने आधी या घराचं दार ठोठवायला हवं होतं. अर्थात नवव्या वर्षी तिला गेवांडहाउसच्या मंचावर बसवणाराही हाच बाप, म्हणून त्यालाही साधा खलनायक करता येत नाही.

आणि ते वाक्य लिहून ती थांबली का? पुढच्याच वर्षी, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला, तिने रॉबर्टला स्वतःची तीन गाणी भेट दिली. गाणी लिही म्हणून तोच तिच्या मागे लागला होता. १८४६ मध्ये तिने जी मायनरमधलं पियानो त्रिकूट, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांची रचना, लिहिलं. माझ्या मते तिची ती सर्वोत्तम रचना. तिसरा भाग एकदा ऐका.

रचना आपल्या नावावर छापल्याचा आरोप थोडक्यात उरकतो. जर्मन कवी र्‍यूकर्टच्या कवितांवरचा गाण्यांचा संग्रह १८४१ मध्ये दोघांच्या नावाने निघाला. कुठलं गाणं कुणाचं हे मुद्दाम सांगितलं नव्हतं आणि समीक्षकांना ते ओळखताही आलं नाही. बारांपैकी तीन तिची. छापील प्रत रॉबर्टने तिच्या हातात दिली ती तिच्या वाढदिवसाला. पोस्टमध्ये जी गोष्ट आहे ती बहुधा फानी मेंडेल्सनची. फानीची सहा गाणी भावाच्या, म्हणजे वर आलेल्या फेलिक्स मेंडेल्सनच्या, संग्रहांत त्याच्या नावाने गेली, आणि राणी व्हिक्टोरियाने नेमकं त्यातलंच एक आवडीचं म्हणून निवडल्यावर त्याला ते बहिणीचं असल्याचं कबूल करावं लागलं. दोघी जर्मन, दोघी पियानोवाल्या, त्यामुळे चिकटवली एकीची गोष्ट दुसरीला!

आता खरं काय ते. आठ मुलं झाली, त्यातला एक तान्हेपणीच गेला. लग्नाआधी रॉबर्टने एका पत्रात पहिलं वर्षभर तू कलावंतपण विसर, फक्त घर आणि नवरा बघ, असं लिहिलं होतं, तेही खरं. कुलूप नव्हतं, पण भिंती पातळ होत्या. तो लिहायला बसला की तिचा पियानो बंद, कारण आवाजाने त्याचं लक्ष मोडायचं. दिवसभरात एक तासही आपल्याला मिळत नाही, अशी तक्रार तिने डायरीत केली आहे. आणि १८४३ मध्ये रॉबर्टनेच त्या डायरीत मान्य केलं की मुलं आणि सदा कल्पनेत हरवलेला नवरा सांभाळून रचना होत नाही, तिच्या किती सखोल कल्पना अशा वाया जात असतील. हे त्याला कळत होतं, तरी रोजचा दिवस त्याच्याच सोयीने चालला. दोष द्यायचा तर इथे द्या.

सप्टेंबर १८५२ मध्ये ड्युसेलडॉर्फला ते बिल्कर रस्त्यावरच्या घरात राहायला गेले. तिथे तिला स्वतःची खोली मिळाली. खाली त्याला ऐकू जाणार नाही, अशा जागी पियानो होता. १८५३ च्या उन्हाळ्यात ओपस २० ते २३ लिहून झाले: रॉबर्टच्या चालीवरची व्हेरिएशन्स (एकाच चालीची वेगवेगळी रूपं), पियानोचे तीन रोमान्स (छोट्या भावपूर्ण रचना), व्हायोलिन-पियानोचे तीन रोमान्स आणि सहा गाणी. कित्येक वर्षांची तूट तिने एका उन्हाळ्यात भरून काढली.

राहिला ‘तो गेला आणि ती मोकळी झाली’ हा मुद्दा. फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचला, आणि बॉनजवळच्या एन्डेनिशच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. क्लारा तेव्हा गरोदर होती. जूनमध्ये धाकटा मुलगा फेलिक्स जन्मला आणि त्याच शरद ऋतूत ती दौऱ्यावर निघाली, कारण सात मुलं आणि रुग्णालयाचं बिल तिच्या दहा बोटांवर होतं. जुलै १८५६ मध्ये रॉबर्ट वारला. पुढे तीन तप ती वाजवत राहिली, १८७८ पासून फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकवलं, रॉबर्टच्या समग्र रचना संपादित केल्या. शेवटची जाहीर मैफल मार्च १८९१ ची, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. रचना मात्र जवळपास थांबल्या. १८५६ मधला एक रोमान्स, दुसऱ्यांच्या कॉन्चेर्टोंसाठी काही कॅडेन्झा (एकट्या वादकाने वाजवायचे तुकडे) आणि १८७९ मध्ये मित्रांसाठी लिहिलेली एक मार्च धून. पोस्टमध्ये ती ज्या वर्षी मोकळी होते, त्याच वर्षापासून तिच्या वह्या कोऱ्या राहिल्या.