अळ्यांचं चांदणं

मला गप्प केलं गेलं ते वायटोमोच्या गुहेत, बोटीत, मिट्ट काळोखात, आणि तेही डोंबिवलीच्या काकूंकडून. परत येऊन लोकरीचे कपडे धुऊन वाळले, तरी माझा राग अजून ओलाच आहे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या गुहा, गरम पाण्याचे झरे आणि सरोवर असा कार्यक्रम होता. माहितीपत्रकात 'निवांत भ्रमंती' छापलेलं होतं. छापणाऱ्याला आमच्या टूर मॅनेजरची शिट्टी ऐकवायला हवी होती.

गुहा चुनखडीची. १८८७ साली ताने तिनोराऊ या माओरी प्रमुखानं फ्रेड मेस नावाच्या इंग्रज सर्वेक्षकाला घेऊन मेणबत्त्यांच्या उजेडात तराफ्यावरून ती धुंडाळली आणि दोन वर्षांत लोकांना दाखवायलाही सुरुवात केली. १९०६ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली, वारसांना परत मिळाली १९८९ मध्ये. त्र्याऐंशी वर्षं! आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन बिल्डरकडून आमच्या नावावर होणं, त्या मानानं वेळेत चाललंय म्हणायचं.

बोटीत बसवण्याआधी गाईड मुलीनं बजावलं होतं, फोटो काढायचे नाहीत आणि बोलायचं तर अजिबात नाही. बोटीला इंजिन नाही. वर ताणलेली तार धरून गाईडच ती हातानं ओढत नेते. दिवे मागे पडले आणि छतभर निळसर-हिरवे ठिपके उमटले. हजारो. मी मान वर केली. शेजारून कोपर बसलं.

"भाऊ, चांदणं बघा काय पडलंय!" काकू कुजबुजल्या. ती कुजबुज मागच्या बोटीपर्यंत गेली असावी.

"काकू, आपण गुहेत आहोत," मी ओठ न हलवता म्हणालो.

"मग काजवे?"

"काजवे नाहीत. अळ्या."

दोन क्षण गेले. "अळ्या? डोक्यावर?" मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या काकांचा खांदा गदागदा हलवला. "अहो, ऐकलंत का? वर अळ्या आहेत म्हणे. पिठातल्यासारख्या."

"तरी सांगत होतो, टोपी घाल," काका म्हणाले.

"भाऊ, पडतात का हो त्या?"

आता विचारणारी बाई घाबरलेली. उत्तर न देणं माणुसकीत बसत नाही. मी शक्य तितक्या हळू सांगितलं की त्या पडत नाहीत, चिकट धागे खाली सोडून बसतात. उजेडाला भुलून चिलटं येतात, धाग्याला चिकटतात, की या धागा वर ओढून खातात. पोट जितकं रिकामं, तितका उजेड जास्त.

"म्हणजे या सगळ्या उपाशी?"

"हो."

"बाई गं!" पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. काकू टोपी काढत होत्या की चिवडा, हे त्या काळोखात कळायला मार्ग नव्हता. "आणि मोठ्या झाल्यावर काय खातात?"

"काही नाही. मोठं झाल्यावर त्या किड्याला खायचं तोंडच नसतं. थोडे दिवस जगतो, अंडी घालतो, संपला."

"सगळं आधीच भरून घेतलेलं," काका म्हणाले. "पॅकेज टूर."

काकू खुदकन हसल्या. बोट थांबली. अंधारातून गाईडचा आवाज आला, "सर, प्लीज."

सर! म्हणजे मी. आणि मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "शूऽऽ! भाऊ, त्यांनी मगाशीच सांगितलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून?" अख्ख्या बोटीनं माना वळवल्या. काळोखातसुद्धा मला त्या वळताना जाणवल्या.

बसमध्ये मॅनेजरनं माइक हातात घेतला. वयानं माझ्या धाकट्या भाच्याएवढा. "काही मंडळींना माहिती द्यायची हौस असते," तो म्हणाला, "पण स्थळाचं पावित्र्य आपणच राखायचं." काकूंनी सर्वांत आधी टाळी वाजवली.

पुढे रोटोरुआ आलं आणि बसमध्ये नासक्या अंड्याचा वास शिरला. मागून कोणीतरी विचारलं, "अंडं कोणी आणलंय?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमिनीतून येणारा हायड्रोजन सल्फाइड आहे, अख्ख्या गावाला येतो, हे मला ठाऊक होतं. सांगितलं नाही. सडा म्हटलं वासात.

वाय-ओ-टापूला लेडी नॉक्स नावाचा गीझर आहे, न्हाणीघरातला नव्हे, जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं. तो रोज सकाळी सव्वादहाला उडतो. एक माणूस येतो, दोन शब्द बोलतो आणि गीझरच्या तोंडात साबण ओततो. १९०१ च्या सुमारास तिथल्या कैद्यांनी गरम पाण्यात कपडे धुवायला घेतले, साबण पडला आणि पाणी उसळलं, तेव्हाची ही युक्ती. वरच्या थंड पाण्याचं दडपण साबणानं ढिलं होतं आणि खालचं तापलेलं पाणी उफाळतं. काकूंनी मला कोपर मारलं. "भाऊ, वडी की पावडर?" मी समोर बघत राहिलो. त्या रुसल्या. "साधं विचारलं तर बोलत नाहीत," असं त्यांनी सात-आठ जणांना सांगितलं.

तिथलाच शॅम्पेन पूल, ७४ अंशांचं वाफाळतं पाणी, अर्सेनिक आणि अँटिमनीच्या क्षारांनी केशरी झालेला काठ. मी तिथे टेकतोय तोच शिट्टी. का, तर मधाच्या दुकानाची वेळ ठरलेली होती. दुकानात मात्र कोणीही शिट्टी वाजवली नाही. मेंढीच्या लोकरीची रजई किती उबदार असते, हे एक बाई आम्हाला हिंदीतून समजावत होती, आणि मॅनेजर कोपऱ्यात आरामात कॉफी पीत होता.

मग टाउपो. ६१६ चौरस किलोमीटर, जवळपास बृहन्मुंबईएवढं पाणी, ज्वालामुखीच्या मुखात भरलेलं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी तो शेवटचा मोठा फुटला. आमच्या वाट्याला 'फोटो स्टॉप'. बस थांबली ती टॉयलेटपाशी, पैसे टाकून जायचं होतं, रांग मोठी. काकांकडे सुटे नव्हते, त्यांनी माझ्याकडून दोन डॉलर घेतले. रांगेतून बाहेर आलो तेव्हा बसचं इंजिन सुरू झालेलं. सरोवर मी खिडकीतून पाहिलं, तेही पलीकडच्या. इथे मला विनोद सुचत नाही. फंडातले पैसे मोडून माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि तिथे त्याला शांतपणे दहा मिनिटं पाण्याकडे बघू देत नाहीत. तक्रार करावी तर उत्तर ठरलेलं: "बाकीचे सगळे खूश आहेत, सर."

होतेच खूश. शेवटच्या रात्रीच्या जेवणात बक्षिसं वाटली. शिस्तप्रिय प्रवाशाचं काकूंना मिळालं, मधाची बाटली. विमानतळावर मी काकांना दोन डॉलरची आठवण केली, तर ते म्हणाले, "घरी गेल्यावर देतो, रेट बघून."

काल शेवटी टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अगदी गोड भाषेत विषय काढला. काकांनी निळी टिक दिली. काकूंचं उत्तर मिनिटाच्या आत आलं: "भाऊ, हा ग्रुप फक्त फोटोंसाठी आहे."