मक्याला कल्चर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) जिवाणू कल्चरवरच्या, म्हणजे चारा आंबवायला बाहेरून टाकायच्या जिवाणूंवरच्या लेखाखाली तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटण्यासारखी ती नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की मका आपोआप आंबतो, त्याला बाहेरचे जंतू कशाला? आजवर गूळ-ताकावर भागलं. गेल्या सप्टेंबरात मका कमी पडला म्हणून त्यात नेपियर गवत मिसळून बॅगा भरल्या, टनाला दीडशे रुपयांचं कल्चर मारलं, तरी माल सडला. म्हणजे हे कंपन्यांचं नवं खूळ, आणि माझ्यासारखे लोक त्याची फुकट जाहिरात करतात.

जाहिरातीचं आधी उरकतो. या ब्लॉगवर एकाही पाकिटाचं नाव कधी आलेलं नाही आणि येणारही नाही. खूळ नवं आहे हेही खरं नाही. वैरण झटपट आंबट करून टिकवायची धडपड फार जुनी आहे. फिनलंडच्या विर्तानेन यांनी तर जिवाणूंची वाट न बघता हिरव्या चाऱ्यावर थेट आम्लच शिंपडायची पद्धत काढली होती. त्यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. कल्चर तेच काम जिवाणूंकडून करून घेतं, एवढंच.

आता मक्याकडे येतो. इथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. दाण्यावरची पांढरी-पिवळी रेघ निम्म्यावर आली असताना कापलेला, ६५ ते ७० टक्के ओलीचा मका कुट्टी करून नीट दाबला तर तो कल्चरशिवायही आंबतो. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मध्ये शंभराहून जास्त अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापून आलं होतं. गवतं आणि लसूणघासासारखी द्विदल वैरण यांत कल्चरमुळे पीएच खाली गेला, म्हणजे आंबटपणा वाढला. मका, ज्वारी आणि ऊस यांत मात्र तसा फरक दिसला नाही. दूध वाढलं, पण सरासरी गाईमागे दिवसाला ०.३७ किलो. पाकिटावरचा ‘पाच लिटर जास्त दूध’वाला फोटो त्यात बसत नाही.

पण ज्या कारणाने मक्याला कल्चरची गरज कमी, त्याच कारणाने त्याला गुळाचीही गरज नाही. एक टन मक्यात ३३ टक्के कोरडा भाग धरला तर ३३० किलो झाला, आणि त्यात दहा टक्क्यांच्या आसपास विरघळणारी साखर धरली तर ती ३० किलोच्या वर जाते. तिथे आपण दोन किलो गूळ नेऊन टाकतो. गूळ लागतो तो नेपियरला. त्यात साखर कमी, पाणी जास्त, धाट जाड आणि पोकळी राहणारं. पण तिथेही दोन किलोंनी भागत नाही. गुळाऐवजी मळी (मोलॅसिस) टाकायची तर टनाला वीस-तीस किलो टाकावी लागते, तेव्हा जिवाणूंच्या तोंडाला काही लागतं. आपल्याकडे तोंडपाठ झालेल्या कृतीत (टनाला दोन किलो गूळ, एक किलो युरिया, एक किलो मीठ, एक किलो खनिज मिश्रण, एक लिटर ताक) सगळ्या चाऱ्यांना एकच माप लावलंय, हीच तिची मुख्य अडचण आहे.

ताकाचा हिशोब मात्र मजेशीर आहे. चांगल्या ताकात मिलिलिटरला दहा कोटी जिवाणू धरले तर लिटरभर ताकात झाले दहा हजार कोटी. एक टन म्हणजे दहा लाख ग्रॅम कुट्टी. भाग घातला तर ग्रॅममागे एक लाख. कल्चरच्या पाकिटानेही एवढेच द्यायचे असतात! म्हणजे संख्येत ताक हरत नाही. ते हरतं ते जातीत. विरजणातले जिवाणू दुधात, दुधाच्या साखरेवर वाढवत आणलेले. वैरणीतल्या तऱ्हेतऱ्हेच्या साखरा त्यांना तितक्या मानवत नाहीत, आणि आंबटपणा वाढला की त्यातले बरेचसे लवकर थांबतात. कल्चरमधला लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम मात्र झाडपाल्यावरचाच, पीएच ४ च्या खाली गेला तरी टिकून राहणारा. (२०२० पासून त्याचं नाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस झालंय, पाकिटावर दोन्हींपैकी काहीही असेल, जिवाणू तोच.) तरी ताक टाकल्याने नुकसान काही नाही. टाकायचं तर खुशाल टाका.

आता तुमच्या सडलेल्या बॅगा. तुम्ही लिहिलंय की बॅगेच्या तळातून पाणी गळत होतं, उघडल्यावर खालचा थर काळपट आणि चिकट, वास असा की साबणाने हात धुतले तरी जाईना. आणि वरच्या थराला पांढरी बुरशी, दोन दिवसांत हात घालवेना इतका गरम. हे एका दुखण्याचं वर्णन नाही. एकाच बॅगेत दोन वेगळी दुखणी होती, आणि तुम्ही मारलेलं कल्चर त्यांपैकी एकाचंही औषध नव्हतं.

खालचा थर आधी. परतीच्या पावसात आडवा झालेला मका, दाणे अजून दुधात, वर कोवळं नेपियर. ओल ८० टक्क्यांच्या जवळ गेली असणार. आडव्या पिकाबरोबर माती येते, मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू येतात. हा जिवाणू हवा नसतानाच वाढतो, म्हणून बॅग कितीही घट्ट बांधली तरी त्याचं काही अडत नाही. तो तयार झालेलं लॅक्टिक आम्लच खातो आणि ब्युटिरिक आम्ल बनवतो. तो हाताला चिकटणारा खवट वास त्याचाच. आणि चारा जितका ओला तितका त्याला रोखायला आंबटपणा जास्त लागतो. ३५ टक्के कोरड्या भागाला पीएच ४.६ ला तो थांबेल, २० टक्क्यांना ४.२ च्याही खाली जावं लागतं. इकडे साखर तर गळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर चाललेली. अशा मालात कल्चरने करायचं काय? कापून दिवसभर सुकत ठेवायचा, ऊन नसेल तर कोरडा कडबा किंवा भुस्सा कुट्टीत मिसळायचा, एवढाच उपाय होता. मूठभर कुट्टी घट्ट दाबा आणि सोडा. बोटांतून पाणी ठिबकलं तर भरू नका. गोळा तसाच राहिला आणि तळहात ओला झाला तरी थांबा. गोळा हळूहळू उलगडला की भरा.

आता वरचा थर, आणि आपल्याकडे खरी मेख इथेच आहे. बॅग उघडली की हवा आत जाते. आंबट वातावरणात गप्प बसलेलं यीस्ट जागं होतं, लॅक्टिक आम्ल खाऊ लागतं, माल तापतो, पीएच वर चढतो आणि मग बुरशीला रान मोकळं. प्लँटेरमसारखे जिवाणू साखरेचं जवळजवळ सगळं लॅक्टिक आम्लच करतात. म्हणून बॅगेत वाया फार कमी जातं, पण यीस्टला आवडतं तेच आम्ल उरतं. त्यामुळे निव्वळ प्लँटेरमचं कल्चर मारलेला चांगला मुरघास उघडल्यावर कधीकधी साध्या मुरघासाहूनही लवकर तापतो. हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

यासाठी दुसरा जिवाणू आहे, लॅक्टोबॅसिलस बुकनेरी. तो लॅक्टिक आम्लाचा काही भाग ॲसिटिक आम्लात बदलतो आणि ॲसिटिकपुढे यीस्टचं चालत नाही. त्यात थोडा कोरडा भाग खर्ची पडतो, ते सोसावं लागतं. २००६ च्या एका एकत्रित विश्लेषणात बुकनेरी न टाकलेला मक्याचा मुरघास हवेत सरासरी २५ तासांत तापायला लागला, ग्रॅममागे एक लाखापर्यंत मात्रा दिलेला ३५ तासांत, आणि त्याहून जास्त मात्रेचा ५०० तासांनंतर. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत, आपल्या एप्रिलच्या उन्हाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी मात्रेत कंजूषी केली तर काय होतं हे त्यातून पुरेसं कळतं.

तुमच्या गोठ्यात पाच गाई. प्रत्येकी २० किलो धरला तर दिवसाला १०० किलो, म्हणजे एक टनाची बॅग दहा दिवस उघडी राहणार. बंकर (मुरघास साठवायचा भिंतींचा हौद) बांधला तर आणखी बिकट. दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच तोंडाच्या बंकरमधून उन्हाळ्यात रोज फूटभर माल काढावा असं सांगतात. घनमीटरला ६०० किलो धरले तर फूटभर म्हणजे पाचशे किलोंच्या वर झाले. ते खायला पंचवीसहून जास्त गाई हव्यात. पन्नास गाईंच्या गोठ्यावर बुकनेरीवाचून चालून जातं. पाच गाईंच्या गोठ्याला मक्यातही त्याचा उपयोग आहे. पाकिटं मात्र आधी मोठ्या गोठ्यांवरच पोचतात! पन्नास किलोच्या छोट्या बॅगा भरल्या, रोज दोन उघडल्या, तर तुम्हालाही काही टाकायची गरज नाही. फक्त प्लास्टिक आणि मजुरी वाढते, आणि उंदरांना जागा जास्त मिळतात.

आणखी एक अट आहे आणि ती आपण हमखास मोडतो. बुकनेरी सावकाश काम करतो. ४५ ते ६० दिवस तरी बॅग बंद हवी. महिनाभरात वैरण संपली म्हणून बॅग फोडणार असाल तर त्याचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

पैशाचं म्हणाल तर टनाला दीडशे म्हणजे किलोला पंधरा पैसे. तुम्हीच मुरघास पाच रुपये किलोने पडतो असं लिहिलंय, म्हणजे टनामागे ३० किलो माल फेकण्यापासून वाचला की कल्चर फिटलं. बॅगेच्या तोंडाशी तुम्ही किती फेकता ते एकदा वजनकाट्यावर टाकून बघा. तीस किलोंपेक्षा कमी निघालं तर तुमचं म्हणणं खरं, कल्चर नका घेऊ.

घ्यायचं ठरलंच तर पाकीट उलटं करून वाचा. टनाला किमान दहा हजार कोटी जिवाणू हवेत, बुकनेरी असेल तर त्याहूनही जास्त. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर ग्रॅमला शंभर कोटी सीएफयू (जिवंत जिवाणूंची मोजणी) लिहिलं असेल तर त्यात एका टनापुरतेच जिवाणू आहेत, मग पुढच्या बाजूला ‘दहा टनांसाठी’ असं कितीही मोठ्या अक्षरात असू दे. जिवाणूंची नावं आणि संख्याच नसेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्या. जिवाणू जिवंत असतात. दुकानदाराने खतांच्या पोत्यांवर पत्र्याखाली ठेवलेलं पाकीट मेलेलं समजावं. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, क्लोरीनचं नको, मिसळल्यावर त्याच दिवशी संपवा, टाकी सावलीत ठेवा. आणि तणनाशकाचा पंप कृपा करून वापरू नका. हसू नका, वापरतात.

जनावराच्या पोटात जंतू जातील ही भीती सोडा. प्लँटेरम लोणच्यांतही सापडतो. भीती बुरशीची धरा. पेंडीतून किंवा बुरशी लागलेल्या दाण्यातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पोटात गेलं तर ते दुधात उतरतं. दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि एकदा चाऱ्यात तयार झालेलं विष कल्चरने जाईल याचा भरवसा धरता येत नाही. तुमच्या बॅगेतला तो वरचा पांढरा थर नुसता बाजूला करून खालचं घातलं असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी थराखालचा वीतभर मालही काढून उकिरड्यावर टाका, आणि गाभण गाईंना तर त्या बॅगेतलं काहीच घालू नका.

मुरघासात युरिया टाकावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. युरियाचा अमोनिया होतो आणि तो आम्लाला मारतो, म्हणजे एका हाताने आंबवायचं आणि दुसऱ्या हाताने थांबवायचं. वाळत चाललेल्या, साखर भरपूर असलेल्या मक्यात टनाला किलोभर खपून जातो. नेपियरमध्ये, लसूणघासात किंवा ओल्या मालात अजिबात नको, आणि वासरांना घालायचा मुरघास असेल तर मक्यातही नको.