तिसरा आठवडा

स्वतःकडून माणसानं फार अपेक्षा ठेवू नयेत, असं माझं पंचेचाळिशीपर्यंत ठाम मत होतं. मग अठराव्या शतकातले अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनांचं आत्मचरित्र हाती पडलं. या गृहस्थांनी तरुणपणीच नैतिकदृष्ट्या परिपूर्ण व्हायचं ठरवलं. तेरा गुण निवडले, वहीत लाल शाईनं रकाने आखले. आठवड्याला एक गुण धरायचा, चुकलं की काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार. हिशेब इतका चोख, की कुठल्याही मराठी मध्यमवर्गीयाला मोह व्हावा.

फ्रँकलिन वही सतत स्वतःजवळ ठेवत. मी तक्ता फ्रिजवर लावला.

पहिला गुण मिताहार. सुस्ती येईल इतकं खाऊ नये, चढेल इतकं पिऊ नये. दुसऱ्या कलमाची आमच्याकडे सोय नाही. पहिलं नेमकं दसऱ्याला, सासुरवाडीच्या पंगतीत आडवं आलं. श्रीखंडाचा जन्मच मुळी सुस्तीसाठी आहे. मी ताटावर हात आडवा धरला, तर सासूबाईंचा चेहरा पडला. "का हो, आंबट झालंय का?" आंबट नाही, हे सिद्ध करायला दोन वाट्या लागल्या.

दुसरा गुण मितभाषण. हा घरात कमालीचा लोकप्रिय ठरला; मुलीनं तर "बाबा, हाच पुढच्या आठवड्यातही घ्या ना" अशी गळ घातली. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या फायद्याचं तेवढंच बोलावं, असा नियम. हा आमच्या सोसायटीच्या सभेला लावला तर चहा येण्याआधीच सभा संपेल. मी एकट्यानं लावला. माझं मौन संमती धरलं गेलं आणि पार्किंगचा ठराव मंजूर झाला. माझी स्कूटर सध्या पाण्याच्या टाकीमागे असते.

तिसरा गुण सुव्यवस्था. हा खुद्द फ्रँकलिनांनाच सगळ्यात जड गेला. त्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एकाला आपली कुऱ्हाड धारेसारखीच सगळीकडे लखलखीत हवी होती. लोहार म्हणाला, करतो, तू धारेचं चाक फिरव. थोड्या वेळानं दमून तो म्हणतो, "राहू दे, मला ठिपक्यांचीच आवडते." इथे मला फ्रँकलिन एकदम आपले, डोंबिवलीचेच वाटले. जुने ठिपके खोडून खोडून त्यांच्या वहीला भोकं पडली, म्हणून त्यांनी हस्तिदंती पानांवर रकाने आखून घेतले. ओल्या स्पंजनं पुसलं की पान कोरं. मी तक्ता लॅमिनेट करून आणला.

तो पुसला जातो, हे बायकोच्या लक्षात आलं आणि तिनं कारभार हाती घेतला. परीक्षार्थीनं स्वतःचा पेपर तपासायचा नसतो, म्हणे. 'सुव्यवस्था' हा शब्दही तिला मोघम वाटला. तिनं त्याखाली पोटकलमं घातली: ओला टॉवेल गादीवर, दुधाचं रिकामं पातेलं परत फ्रिजमध्ये, एक मोजा सोफ्याखाली. दुसऱ्या मोज्याचं कलम वेगळं आहे.

तेरावा गुण विनय. आधी यादी बाराचीच होती. लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात, असं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्रानं सांगितल्यावर फ्रँकलिनांनी तो वाढवला. गर्व पुरता जिंकला, तरी आपल्याला बहुधा विनयाचाच गर्व होईल, असंही ते प्रांजळपणे लिहितात. तो धोका मला तूर्त नाही. टॉवेल दोरीवर गेल्याशिवाय चौथ्या गुणाकडे वळायचं नाही, असा घरचा निकाल आहे. सुव्यवस्थेचा आठवडा दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला होता. परवा गुढी उभारली, तेव्हाही तोच चालू होता.