शेखाडीचा किनारा आणि सरसकट पाळत : श्रीवर्धनकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

श्री. श्रीवर्धनकर यांस सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची सरसकट पाळत 2013 मध्ये उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : ज्या किनाऱ्यावर 1993 साली आरडीएक्स उतरले, तेथे राहणाऱ्याने तरी सरकारी पाळतीविरुद्ध लिहू नये, ज्याच्या मनात काळेबेरे नाही त्याला भिण्याचे कारण नाही, आणि स्नोडेनने वरिष्ठांकडे दाद न मागता वर्तमानपत्र गाठले व शेवटी रशियात आसरा घेतला, म्हणून तो जागल्या नसून फितूर आहे. यातला पहिला मुद्दा सर्वांत वजनदार असल्यामुळे त्याला अधिक जागा देतो.

जानेवारी 1993 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला माल उतरला आणि 12 मार्चच्या स्फोटांत मुंबईत 257 माणसे मारली गेली, हे खरेच आहे. परंतु तो माल कोणाच्या दृष्टीस पडला नाही म्हणून मुंबईपर्यंत पोहोचला, असे खटल्यात दिसून आले नाही. दिघीहून निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. तेथेच लाचेचा सौदा झाला, पैसे मिळेपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेण्यात आल्या आणि गाड्या सोडून देण्यात आल्या. पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत पोलीस होते, तसेच सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. म्हणजे खबर सरकारच्याच माणसांच्या हाती होती आणि ती पुढे गेली नाही. त्या काळी साऱ्या रायगड जिल्ह्याचे फोन टेपवर घेतले जात असते, तरी ते ऐकणारा माणूस त्याच साखळीतला निघाला असता तर काय साधले असते? कुंपणच शेत खात असताना कुंपणाची उंची वाढवून पीक वाचत नाही. त्या फाट्यावर उणीव होती ती वरिष्ठांना डावलून बोलू शकेल अशा एखाद्या शिपायाची, आणि बोलल्यावर त्याची नोकरी व जीव सांभाळणाऱ्या व्यवस्थेची.

मी देखरेखीच्याच विरोधात आहे, असा आपला ग्रह झालेला दिसतो, तसे नाही. 26/11 नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली, आणि आज हर्णैच्या बंदरात उभ्या असलेल्या नौकांवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारे नोंदणी क्रमांक ठळक अक्षरांत रंगवलेले दिसतात. तांडेल (नौकेचा प्रमुख) या तपासणीला कंटाळतो, कधी चिडतोही, पण आपल्याला कोण तपासतो आणि कशासाठी, हे त्याला ठाऊक असते आणि अन्याय झाल्यास त्याला मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारात जाऊन भांडता येते. स्नोडेनने उघड केलेला प्रकार याहून निराळा होता. एप्रिल 2013 मधील एका गुप्त न्यायालयीन आदेशाने व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीला ग्राहकांच्या फोनच्या नोंदी दररोज सरकारकडे देण्यास भाग पाडले होते. त्यात संशयित आणि निरपराध असा भेद नव्हता. आणि एवढे करून हाती काय लागले? अमेरिकी सरकारच्याच नागरी स्वातंत्र्यविषयक देखरेख मंडळाने जानेवारी 2014 च्या अहवालात म्हटले की, या नोंदींमुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाच्या निष्पत्तीत ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

आपल्याकडे तर फोन ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतात आणि ती तपासते सचिवांचीच समिती. न्यायाधीश कोठेच नाही. 2018 मध्ये न्या. श्रीकृष्ण समितीने (मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणारे तेच श्रीकृष्ण) नोंदवले आहे की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीसमोर प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. इतके आदेश एका बैठकीत कोणी वाचत असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

काळेबेरे नसलेल्याने भ्यावे का, याचे उत्तर आपल्या खाडीतच आहे. बेकायदा वाळूउपशाची किंवा एलईडी दिव्यांवर चाललेल्या मासेमारीची खबर देणारा माणूस आपले नाव फुटणार नाही, या भरवशावर फोन करतो. त्याचे संभाषण ऐकण्याचीही गरज नाही. कोणत्या क्रमांकावरून कोणाला केव्हा फोन गेला, एवढी नोंद नको त्या हाती पडली की त्याच्या घरावर दगड पडायला वेळ लागत नाही. सरसकट पाळतीचा पहिला बळी हाच माणूस असतो, आणि शेखाडीला आपल्याला हवा होता तोही हाच.

वरिष्ठांकडे जाण्याविषयी. थॉमस ड्रेक हा त्याच एनएसएचा अधिकारी आधी अंतर्गत मार्गांनीच गेला होता. 2010 मध्ये त्याच्यावर हेरगिरीच्या कायद्याखाली आरोप ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी तो खटला जवळजवळ कोसळला. मार्च 2013 मध्ये सिनेटच्या समितीसमोर, कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करता का, या प्रश्नाला गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी नकारार्थी उत्तर दिले, आणि प्रश्न विचारणारे सिनेटर रॉन वायडन सत्य ठाऊक असूनही गुप्ततेच्या नियमांमुळे ते उघड करू शकत नव्हते. आपल्याकडे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, तरी पत्र नावासकट टेबलोटेबली फिरले आणि 27 नोव्हेंबर 2003 रोजी बिहारमधील गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर मागणी झालेल्या, जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो लागू करण्याची अधिसूचना काही निघाली नाही.

राहिला रशिया. स्नोडेनने नेलेल्या कागदपत्रांत परदेशातील हेरगिरीसंबंधीचेही बरेच काही होते आणि ते सर्व उघड होणे आवश्यक होते, असे मीही मानत नाही. रशियाचे नागरिकत्व घेणाऱ्या माणसाच्या तोंडी स्वातंत्र्याची भाषा अवघडल्यासारखी वाटते, हेही मान्य. मात्र मॉस्कोच्या विमानतळावर तो अडकला तो त्याचे पारपत्र अमेरिकेने रद्द केल्यामुळे, आणि फोनच्या नोंदी गोळा करण्याच्या ज्या कार्यक्रमाविषयी तो बोलला तो बेकायदा होता, असे 2020 मध्ये अमेरिकेच्याच नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले. त्याने परत जाऊन खटल्याला सामोरे जावे, ही आपली सूचना रास्त वाटली असती; पण 1917 च्या हेरगिरीच्या ज्या कायद्याखाली त्याच्यावर आरोप आहेत, त्यात लोकहितासाठी बोललो हा बचावच ग्राह्य धरला जात नाही. आपल्या 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमातही तशी तरतूद नाही.