‘मदतनीसाला शरीररचना कशाला?’ या समजाचा प्रतिवाद

पशुवैद्यकीय परिचर्येचे किंवा पशुसंवर्धन पदविकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींमध्ये एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : हाडे, स्नायू आणि नसा यांची नावे पाठ करणे हे डॉक्टरांचे काम आहे, मदतनीसाला जनावर धरता आले, औषध पाजता आले, सलाईनची बाटली धरता आली की पुरे, आणि ही कामे महिनाभर कोणाच्या हाताखाली राबले की आपोआप येतात, ज्याने बारावीला माणसाचे शरीर अभ्यासले त्याला जनावराचे वेगळे शिकण्यासारखे काही उरत नाही, नाव अडलेच तर मोबाइलवर सापडते, आणि भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवायला आता मॉनिटर असतोच. पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय मी शिकवतो. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांमध्ये माझे काही अभ्यासू विद्यार्थीही आहेत, म्हणून त्यातील एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा हाताने शिकण्याचा. गाईला औषध पाजणे हे या कामांतले सर्वांत साधे मानले जाते, म्हणून तेच उदाहरण घेऊ. सरावाने शिकलेला माणूस गाईची मान उंच करतो, जीभ बाहेर ओढून धरतो आणि बाटली घशात रिकामी करतो. शंभरातल्या बऱ्याच वेळा काही बिघडत नाही, त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे अशी त्याची खात्री होते. परंतु घशामध्ये अन्नाचा आणि श्वासाचा मार्ग एकमेकांना ओलांडतात, गिळण्याच्या क्षणी श्वासनलिकेचे तोंड झाकले जावे लागते आणि त्यासाठी जीभ मोकळी असावी लागते. जीभ ओढून धरलेली आणि मान ताणलेली असेल, तर गाईला नीट गिळताच येत नाही, औषध फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ती फुप्फुसदाहाने धापा टाकू लागते. तोवर पाजणारा दुसऱ्या गोठ्यावर गेलेला असतो आणि या आजाराचा आपल्या हाताशी संबंध आहे हे त्याला कधी कळतही नाही. चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये असे दिवस जात असतील, तर नुसता सराव ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

दुग्धज्वराचे उदाहरण याहून बोलके आहे. नुकतीच व्यायलेली, भरपूर दूध देणारी गाय मान कुशीकडे वळवून बसते, तिचे कान गार पडतात आणि तिला उठता येत नाही. नावात ज्वर असला तरी अशा गाईचे तापमान बहुधा नेहमीइतके किंवा त्याहून कमी असते, कारण मूळ दोष रक्तातले कॅल्शियम उतरण्याचा आहे. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सुरू करतात आणि बाटली मदतनीसाच्या हातात देतात. ती बाटली किती उंच धरायची यावर औषधाचा वेग ठरतो, आणि हृदयाच्या स्नायूचे आकुंचनही कॅल्शियमवरच चालत असल्यामुळे वेग फार वाढला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि ते थांबूही शकते. म्हणून औषध चालू असताना कोणीतरी हृदयाचे ठोके ऐकत राहावे लागते. अशी गाय आडवी पडली असेल तर तिला छातीवर बसती करून आधार द्यावा लागतो. कारण तिच्या मोठ्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, आंबण्याच्या क्रियेने सतत वायू तयार होत असतो, तो ढेकरेवाटे बाहेर पडावा लागतो, आणि गाय कुशीवर पडली की अन्ननलिकेचे तोंड पोटातल्या द्रवाखाली बुडून ती वाट बंद होते. मग पोट फुगते, श्वासपटलावर दाब येतो आणि मूळ आजारावर उपचार चालू असतानाच गाय गुदमरू लागते. बाटली धरणे आणि गाईला टेकू देणे ही दोन्ही कामे मदतनीसाचीच आहेत, आणि दोन्हींमध्ये शरीरक्रियाशास्त्र भरलेले आहे.

कायदाही हेच गृहीत धरतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार राज्य शासन पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देण्याची परवानगी देऊ शकते. ब्रिटनमध्ये १९६६ च्या पशुवैद्यकविषयक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे नोंदणीकृत पशुपरिचारिकेला पशुवैद्यकाच्या निर्देशानुसार लहान शस्त्रक्रिया करता येते, मात्र ती शरीराच्या पोकळीत शिरणारी नसावी अशी अट आहे. छातीची पोकळी कोणत्या फासळीपर्यंत मागे जाते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ही अट पाळायची कशी?

माणसाचे शरीर माहीत असले की जनावराचे कळते, हा दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अर्धवट खरा आहे. हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडाचे काम, रक्ताभिसरण हे सारे सस्तन प्राण्यांमध्ये बरेचसे सारखे आहे. फरक जिथे आहेत तिथे मात्र ते जीवावर बेततात. माणसाला तापासाठी सर्रास दिली जाणारी पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्या औषधाचे निर्विषीकरण करणारी यकृतातली एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरात अत्यंत दुबळी असते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, कोंबडीचे १०५ च्याही वर. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ९८ अंश नोंद झालेल्या कुत्र्याला ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देणारा मदतनीस प्रत्यक्षात गारठत चाललेल्या प्राण्याकडे दुर्लक्ष करत असतो. पक्ष्याला माणसासारखे श्वासपटल नसते, त्याच्या छातीचे हाड खालीवर हलले तरच हवा आत जाते, आणि म्हणून पोपट सुटू नये या भीतीने त्याची छाती मुठीत आवळणारा माणूस त्याला नकळत गुदमरवतो.

माणूस तर सोडाच, एका प्राण्याचे ज्ञानही दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. परळच्या ज्या इस्पितळाला मुंबईकर पिढ्यानपिढ्या ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणत आले, त्या नावातले दोन प्राणीच पाहा. बैलाचे जगणे पोटातला चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करण्यावर उभे आहे. घोड्याच्या जठराचे तोंड इतके घट्ट असते की त्याला उलटीसुद्धा होऊ शकत नाही, आणि त्यामुळे जठर फुगले की ते फुटण्याचा धोका असतो. मांजरांमध्ये परक्या रक्तगटाविरुद्धची प्रतिद्रव्ये आधी कधी रक्त दिलेले नसतानाही निसर्गतःच असू शकतात, म्हणून चुकीच्या गटाचे पहिलेच रक्त प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यात पहिल्या वेळी एवढी तीव्र प्रतिक्रिया सहसा येत नाही.

नावे मोबाइलवर सापडतात, हे खरे आहे. आकृती न दाखवता, हाड हातात न देता नुसत्या याद्या घोकून घेणारी शिकवणी निरर्थक आहे, या तक्रारीशी मी पूर्णपणे सहमत आहे. पण मानेच्या खालच्या भागात अन्ननलिका डावीकडे झुकलेली असते, हे पोटात नळी घालताना, कुत्रा हिसके देत असताना आठवावे लागते; त्या वेळी दोन्ही हात गुंतलेले असतात.

राहिला मॉनिटर. रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी जिभेला लावलेला चिमटा जीभ कोरडी पडली किंवा तिथल्या रक्तवाहिन्या आकसल्या की चुकीचा आकडा दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही, आणि प्राणी खरोखर संकटात असला तरी तेच घडते. या दोन्हींतला फरक मांडीच्या आतल्या बाजूची नाडी चाचपून आणि हिरडी दाबून, तिचा रंग दोन सेकंदांच्या आत परततो का हे पाहून करावा लागतो. वायुरूप भूल दिलेल्या कुत्र्याचा डोळा योग्य खोलीवर असताना खाली वळलेला असतो. भूल उथळ झाली तरी तो मध्यावर येतो आणि फार खोल गेली तरी मध्यावरच येतो. पापणी मिटते का, जबडा ताठ आहे की सैल, हे पाहिल्याशिवाय भूल वाढवायची की ताबडतोब कमी करायची हे ठरत नाही. केटामीन हे भुलीचे इंजेक्शन दिलेल्या प्राण्यात तर डोळा मध्येच राहतो आणि पापणीही हलत राहते, त्यामुळे तिथे हीच खूण वेगळ्या रीतीने वाचावी लागते. डॉक्टरांचे हात त्या वेळी पोट उघडून आत गुंतलेले असतात आणि प्राण्याच्या डोक्याशी उभा असतो तो मदतनीसच.