मंदी आणि माझा बनियन

२००८ च्या आधी मी कपडे घ्यायचो ते कपडे लागायचे म्हणून नाही, शनिवार असायचा म्हणून. हिंजवडीत आयटीतली नोकरी, लग्नाला दोन वर्षं झालेली, पुण्यात नुकतेच मॉल उगवायला लागलेले, आणि 'दोन घ्या दोन फ्री' अशी पाटी दिसली की आपल्या हक्काचे दोन शर्ट कोणीतरी अडवून ठेवलेत असं वाटून पोटात कालवायचं. कपाटात टॅग न काढलेले सहा शर्ट होते. आई म्हणायची अरे दुकान काढतोयस का, मी म्हणायचो आई तुला नाही कळायचं, हे फॉर्मल आहे आणि हे सेमी फॉर्मल.

मग १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स नावाची अमेरिकेतली मोठी बँक बुडाली. हे ब्रदर्स कोण कुठले मला काडीचीही माहिती नव्हती (तीन भाऊ होते असं नंतर वाचलं), पण आठवड्याभरात ऑफिसातल्या कॉफीबरोबरची बिस्किटं गेली तेव्हा समजलं की आपला काहीतरी संबंध आहे. जानेवारीत एकवीस हजाराला टेकलेला सेन्सेक्स लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी आठ हजाराच्याही खाली जाऊन आला. माझे शेअर नव्हतेच, पण शेजारच्या काकांचे होते आणि त्यांचा चेहरा बघून आमच्याही घरी चिवड्यात काजू कमी पडले. व्हेरिएबल पे नावाचा जो पगाराचा भाग असतो तो व्हेरिएबल का म्हणतात हेही त्याच महिन्यात कळलं.

बायकोने एका वहीत खर्च मांडले आणि कपड्यांवर आडवी रेघ मारली. मी म्हटलं अगं पण शर्ट तर लागणारच ना, ती म्हणाली लागला तर फॅशन स्ट्रीट आहे की.

तर कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर गेलो. तिथे एकाने चेक्सचा शर्ट अंगावर टाकला, लेबल कापलेलं, म्हणाला साडेचारशे, एक्स्पोर्ट का माल है साहब, सीधा अमेरिका जानेवाला था. घासाघीस करून एकशे ऐंशीला घेतला आणि गाडीला किक मारताना डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत मंदी, म्हणून तिकडचा माणूस शर्ट घेईना, म्हणून तो शर्ट इकडे रस्त्यावर आला, आणि अमेरिकेत मंदी म्हणूनच माझा पगार अडकला, म्हणून तो मी घेतला. म्हणजे ज्याच्या जिवावर माझी नोकरी होती त्याच माणसाचा शर्ट मी घालून फिरत होतो, आणि तो माणूस निदान सहा फूट दोन इंच असावा कारण बाह्या माझ्या बोटांच्या पुढे चार अंगुळं लोंबत होत्या.

पेठेतल्या आमच्या टेलरकाकांकडे नेला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले बाह्या, खांदे, घेर सगळंच काढावं लागेल, एकशे वीस होतील. मी म्हटलं काका अहो शर्टच एकशे ऐंशीचा आहे. ते म्हणाले, "मग कापड आणायचं होतंत." लाज वाटून जुना एक झिजक्या कॉलरचा शर्टही पिशवीतून काढला आणि दबक्या आवाजात विचारलं, कॉलर उलटून मिळेल का. माझे आजोबा उलटून घ्यायचे, झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर, परत पाच वर्षं बघायला नको. काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघितलं आणि म्हणाले मिळेल, पण पंधरा दिवस लागतील, तुमच्या हिंजवडीचे आधीच नऊ शर्ट आलेत.

खरी नाचक्की बोहारणीने केली. आमच्याकडे ती दर दोन महिन्यांनी यायची, एरवी माझ्या पॅंट आणि टी-शर्टांचं गाठोडं बघून खूश व्हायची, आईला स्टीलचा डबा, कढई असं काहीबाही मिळायचं. त्या वेळी आईने काढून काढून दोन पॅंट आणि एक टॉवेल काढला. बोहारणीने माझी पॅंट दोन्ही हातांनी उन्हात धरली. बुडाशी आरपार समोरच्या सोसायटीची टाकी दिसत होती. ती काहीच बोलली नाही, नुसतं टोपलीत हात घालून चहाची गाळणी काढली आणि ओट्यावर ठेवली. "आजी, ह्याच्यावर काय देऊ, तुमीच सांगा." ती गाळणी आमच्याकडे अजून आहे, आणि तिला त्या पॅंटपेक्षा कमी भोकं आहेत असं बायकोचं मत आहे.

पण हे सगळं दिसणाऱ्या कपड्यांचं झालं. मुख्य काटकसर आतून चालू होती. सत्तर रुपयांचा बनियन कुणाला दिसतो? शर्टाच्या आत काय चाललंय ते मी, बायको आणि दोरीवरच्या चिमण्या एवढ्यांनाच माहीत. पहिलं भोक काखेत पडलं, म्हटलं हवा खेळती राहील. मग खांद्याची पट्टी सुटली, तिला सेफ्टीपिन लावली. मग पाठीवर एक पडलं आणि त्याच्या शेजारी दोन बारकी, धुताना बायको म्हणायची अरे हा गाडी पुसायला घेऊ का, मी म्हणायचो थांब, अजून एक क्वार्टर जाईल.

त्याच दिवसांत कुठेतरी वाचलं की अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांची म्हणे एक लाडकी थिअरी आहे: पुरुषांच्या अंडरवेअरचा खप एरवी सपाट असतो, तो घसरला की समजावं दिवस वाईट आलेत, कारण पुरुष आधी तिथेच हात आखडतो. वाचून ऊर भरून आला. आपण कंजूस नाही, आपण इंडिकेटर आहोत.

फेब्रुवारीत कंपनीचा वार्षिक मेडिकल चेकअप निघाला. सगळ्या सोयी गेल्यावर ही एक फुकटची उरली होती म्हणून झाडून सगळे गेलो. रक्त, लघवी, वजन झालं आणि ईसीजीच्या खोलीतली सिस्टर म्हणाली, शर्ट काढा. मी म्हटलं वरची दोन बटणं उघडली तर नाही का चालणार. ती म्हणाली काढा हो, मागे लाइन आहे.

काढला. पडदा सरकवून पलीकडच्या खाटेकडे बघतो तर आमचा डिलिव्हरी मॅनेजर, नुकताच ईसीजी संपवून आमच्याकडे पाठ करून बसलेला, जेलचा चिकटा पुसत. ज्याच्या शर्टाच्या इस्त्रीवर पेन्सिलीला टोक काढता येईल असा माणूस. त्याच्या बनियनला पाठीवर रुपयाएवढं भोक, खाली आठ आण्याचं, आणि कडेला पांढऱ्याऐवजी निळ्या दोऱ्याने घातलेले टाके. तो वळला. त्याने माझी सेफ्टीपिन बघितली, मी त्याचा निळा दोरा. पाच सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "टेस्टिंग संपलं का?" मी म्हटलं, "होतंय सर."

माझा ईसीजी त्या दिवशी जरा फास्टच आला.

संध्याकाळी टपरीवर मी ही बातमी फक्त एकाला सांगितली, तेही नाव न घेता. सकाळपर्यंत पूर्ण फ्लोअरला माहीत. कोणी म्हणे प्रोजेक्ट गेलं, कोणी म्हणे क्लायंटने हात वर केले, आणि एकजण तर फार विचार करून म्हणाला, निळा दोरा म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घ्यायलाही बजेट नाही. दुपारपर्यंत निम्म्या टीमने रेझ्युमे अपडेट केले, मीही केला. एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट खरंच शून्य आलं. ग्रीनस्पॅन ग्रेट माणूस.

बायकोला सगळं सांगितल्यावर ती हसून हसून खाली बसली, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवरून सहा नवे कोरे बनियन घेऊन आली, वहीतली आडवी रेघ खोडून. दुधासारखे पांढरेशुभ्र, अजून घडीची कडक रेघ असलेले. मग मी वर्षभर वाट बघितली की कोणीतरी, कुठेतरी, मला शर्ट काढायला सांगेल. पुढच्या फेब्रुवारीचा मेडिकल चेकअप कॉस्ट कटिंगमध्ये रद्द झाला.