दोन इंच वाळू पुरत नाही

'टाकीत दोन इंच वाळू पुरे, आणि खेकडा आठवडाभर हलला नाही तर तो मेला समजून काढून टाका' हे हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा जमिनीवरचा खेकडा) पाळण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. हा खेकडा कात टाकायला (जुनं कवच उतरवायला) वाळूत स्वतःला पूर्ण गाडून घेतो. त्यासाठी किमान सहा इंच खोली लागते. खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. वाळू आणि नारळाचा भुसा एकत्र करून इतपत ओला ठेवायचा की बोटाने केलेलं बीळ ढासळणार नाही. आत तो कित्येक आठवडे राहतो, मोठा असेल तर महिनेसुद्धा. टाकलेली कात स्वतःच खातो, कारण नवं कवच कडक व्हायला त्यातलं कॅल्शियम हवं असतं.

माझा पहिला खेकडा मी याच गैरसमजातून उकरून काढला. अंग मऊ, फिकट होतं, पाय हलत होते. दोन दिवसांत गेला. आजही वाईट वाटतं. नंतरचा एक सात आठवडे दिसला नाही. मी फक्त वरची हवा दमट ठेवली, ७५-८० टक्के (कल्ले ओले राहिले नाहीत तर त्यांना श्वासच घेता येत नाही). एका रात्री तो स्वतःहून वर आला, गडद रंगाचा, आणि थेट खाऱ्या पाण्याच्या भांड्याकडे गेला. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीसारखा उग्र वास येतो. तो वास येत नसेल तर कृपा करून हात लावू नका.